लेकीच्या कमाईचं विवरणपत्र

नागपूर
१४ मे १९८२

ती. दादास,
इंदूचा साष्टांग नमस्कार.

काम निघाल्याशिवाय या बहिणीला भाऊ आठवत नाही, असं तू म्हणशील. म्हण. खरंच आहे ते.

मागच्या वर्षी यांनी हुडकेश्वरला प्लॉट घेतला, तुला कळवलं होतं. तिथे अजून नुसती तुरीची धसकटं आहेत, पण यांनी चारी कोपऱ्यांना दगड रोवले आणि दर रविवारी सायकलनं जाऊन ते जागेवर आहेत का बघून येतात. आता आयकर कार्यालयातून चौकशीचं पत्र आलंय. इतवारीत साडीच्या दुकानात गुमास्ता असलेल्या माणसाकडे प्लॉटाएवढे पैसे कुठून आले, असं विचारलंय.

तुझ्यापासून काय लपवू? पैसे देवकीचे आहेत. ती नाटकात हौसेनं गाते असं मी तुला सांगितलं होतं, ती हौस पहिल्या हंगामापुरतीच. तिकडे झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाटकं लागतात, ती होळीपर्यंत चालतात. वडशाची एक कंपनी तिला दोन वर्षांपासून नेते. तिच्या गाण्याला लोक बैलबंड्या जुंपून येतात म्हणे. पोरीला एकटी कशी धाडायची म्हणून हे दुकानातून रजा काढून सोबत जातात, बसल्या बसल्या पेटीची साथही करतात. नाटक संपलं की सकाळी कंपनीचा मालक पाकीट यांच्या हातात देतो आणि कागदावर यांची सही घेतो. बाईमाणसाच्या हातात पैसे द्यायची तिकडे रीत नाही, आणि ही तर पोरच. देवकीनं ते पाकीट आजवर उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही.

ती सोळा वर्षांची आहे, अकरावीत शिकते, आमच्या ताटात जेवते. मग कर तिच्या नावानं भरायचा की यांच्या? तू कराचे कागद करणारा माणूस. लवकर कळव. यांना झोप नाही.

तुझी,
इंदू


अकोला
२२ मे १९८२

चि. सौ. इंदूस,
अनेक आशीर्वाद.

घाबरण्यासारखं काहीही नाही. वामनरावांना सांग, सुखानं झोपा.

कायदा असा आहे. बापानं स्वतःचा पैसा पोराच्या नावावर ठेवला, तर त्याचं उत्पन्न बापाच्याच उत्पन्नात मिळवतात. लोक फार हुशार असतात म्हणून तसं कलम करावं लागलं. पण पोरानं अंगच्या गुणावर, स्वतःच्या मेहनतीनं कमावलं, तर ते त्या पोराचं. देवकी तुमच्या घरी राहते, तिचा सगळा खर्च तुम्ही करता, यानं काही बिघडत नाही. जेवण बापाचं आणि कमाई स्वतःची, असं असू शकतं.

तेव्हा विवरणपत्र देवकीच्या नावानं भरायचं. अठराच्या आतल्या माणसाला कायदा 'अज्ञान' म्हणतो. अठरानंतरच्या आपल्यासारख्यांना काय म्हणावं, ते लिहिलेलं नाही. ती अज्ञान म्हणून सही वामनराव करतील, पालक या नात्यानं. दोन्ही वर्षांची विवरणपत्रं मी भरून सोबत पाठवतो आहे. व्यवसायाच्या रकान्यात 'गायिका' लिहिलंय. कर अगदी थोडा येतो. चौकशीच्या पत्राला उत्तर एवढंच: प्लॉटाचे पैसे मुलीच्या कमाईचे. आणि यापुढे मालकाच्या कागदावर देवकीची सही घ्यायला सांगा, शेजारी वामनरावांची.

खुणा केल्या आहेत तिथे सह्या करून जुलैअखेर सिव्हिल लाईन्सच्या कार्यालयात द्या.

देवकीला माझे आशीर्वाद. तिला म्हणावं, भाचीचे कागद मामा फुकट करतो, त्याबदल्यात अकोल्याला येऊन एक गाणं म्हणून दाखव.

मुकुंद


नागपूर
२० जून १९८२

ती. दादास,
सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून घरात कोणी धड बोलत नाही.

यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून देवाच्या फळीवर ठेवलं. जेवताना म्हणाले, "लेकीच्या घरचं पाणी पीत नाही आपण. अन् लेकीच्या पैशावर जमीन घेतली असं सरकारले लिहून देऊ? तेही सही करून?" मी म्हटलं, सरकारला काय पडलंय. तर म्हणाले, "सरकारले नसन पडलं. मले पडलं आहे. कागद कार्यालयात गेला का गोष्ट खाप्याले जाते."

खाप्याला, यांच्या गावी, वडिलांच्या वेळचा हातमाग बंद पडला तेव्हा भाऊबंदांनी काय काय ऐकवलं, ते तुला माहीत नाही. हातात कला असून दुसऱ्याच्या दुकानात घड्या घालायला गेला, असं म्हणाले. तेव्हापासून यांना एकच सांगायचं असतं, की घर मी चालवतो. प्लॉटाचंही गावात तसंच सांगितलंय. नाटकाचं कंत्राट घेतो, त्यात चार पैसे सुटतात, असं.

देवकी ऐकत होती. ती म्हणाली, "काहून लपवता बाबा? पोस्टरवर तं माझंच नाव राहते."

"पोस्टर पाण्या-पावसानं भिंतीवरून निघून जाते," हे म्हणाले. "सरकारचा कागद नाही निघत."

ती म्हणाली, "मी कुठं मागून राहिली पैसे? नाव लिहा म्हणून राहिली फक्त."

हे ताटावरून उठले. लेकीवर हे कधी ओरडत नाहीत, त्या दिवशीही ओरडले नाहीत. नुसते उठून गेले, त्याचंच तिला जास्त लागलं. दादा, मी काय करू? तू केलेले कागद तसेच फळीवर आहेत. मी सांगून बघते.

इंदू


नागपूर
२ ऑगस्ट १९८२

रा. रा. मुकुंदराव यांस,
स. न. वि. वि.

आपण पाठविलेले कागद मिळाले. आपण घेतलेल्या श्रमाबद्दल आभारी आहे.

परंतु विचारांती मी विवरणपत्र माझ्याच नावे भरले आहे. कचेरीपाशी एक अर्ज लिहिणारे गृहस्थ बसतात, त्यांजकडून लिहवून घेतले. नाट्यसंगीताचे कंत्राट हे माझे उत्पन्न, दुकानाचा पगार त्यात मिळविला, आणि मुलगी देवकी ही शिकत असून सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे, असे चौकशीच्या उत्तरात प्रतिज्ञेवर नमूद केले. साहेबांनी उत्तर मान्य केले. कर बराच आला. त्यासाठी खाप्याचा माग विकला. तो नाहीतरी बंदच होता.

मालकाच्या कागदांवर सही माझीच आहे, त्यामुळे खोटे असे काही झाले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कर भरल्याचे चलन मी चौकटीत बसविले आहे. शेजारचे मारोतराव पाहून म्हणाले, आता वामनराव टॅक्सवाले झाले.

मुलगी उद्या परक्या घरी जाणार. तिच्या सासरी कोणी म्हणू नये की हिचा बाप हिच्यावर जगला. यातच तिचे हित आहे असे माझे मत आहे. राग नसावा.

आपला,
वामन


अकोला
११ ऑगस्ट १९८२

चि. सौ. इंदूस,
आशीर्वाद.

वामनरावांचं पत्र आलं. त्यांना मी वेगळं काही लिहीत नाही. जावयाला उपदेश करणारा मेहुणा कोणाच्याच घरी दोनदा जेवत नाही.

पण तुला सांगतो. इतकी वर्षं मी, आमचं उत्पन्न कमी दाखवून द्या म्हणणाऱ्यांशी हुज्जत घालत आलो. दुसऱ्याचं उत्पन्न आपल्या डोक्यावर घेऊन जास्तीचा कर भरणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला, तोही घरातला. हौसेला मोल नसतं म्हणतात. अब्रूला असतं, आणि वामनरावांनी ते चलनावर छापून आणलं.

हे दुरुस्त करता येतं. सुधारित विवरणपत्र भरायची सोय आहे आणि मुदतही आहे. तू म्हणत असशील तर मी येऊन त्यांच्याशी बोलतो. नाहीतर राहू दे. माग गेला याचं वाईट वाटतं, पण पैशापलीकडे यात कोणाचं काही नुकसान नाही.

देवकी रुसली असेल तर तिला म्हणावं, अठरा पूर्ण होऊ दे, तुझ्या नावाचा कागद मी स्वतः करीन.

मुकुंद


नागपूर
२५ ऑगस्ट १९८२

ती. दादास,
सा. नमस्कार.

तू येऊ नकोस. हे कितीतरी दिवसांनी पोटभर जेवताहेत. चौकटीतलं चलन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. देवकीही आता काही म्हणत नाही. नवीन नाटकाची गाणी बसवते आहे. राहू दे.

इंदू


नागपूर
९ मार्च १९८३

ती. दादास,
सा. नमस्कार.

तार मिळाली असेल. आज थोडं लिहू शकते.

नागभीडच्या अलीकडे कंपनीच्या जीपला समोरून ट्रक धडकला. ट्रकवाला चुकीच्या बाजूनं येत होता असं सगळे सांगतात. यांचा हात मोडला. देवकी मागच्या बाकावर होती, ती पुढच्या लोखंडी दांड्यावर गळ्यानं आदळली. नागपूरला मेडिकलच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. गळ्याला खाली छेद देऊन नळी बसवली. जीव वाचला.

डॉक्टर म्हणाले, नळी निघेल, जखम भरेल, पण आवाजाची पेटी चुरडली आहे. कुजबुजल्यासारखं बोलता येईल कदाचित. गाणं नाही.

तिला पाटी दिली आहे. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं लिहिलं, उद्याच्या नाटकात माझं काम कोण करणार? यांनी ते वाचलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, "मी पुढं बसलो होतो वं. वडील म्हणून मले पुढची जागा देत."

तू ये दादा. या वेळी ये.

इंदू


अकोला
१७ एप्रिल १९८३

चि. सौ. इंदूस,
आशीर्वाद.

परत येऊन आठवडा झाला. तिथे तुम्हा दोघांसमोर जे बोललो नाही ते लिहितो, कारण कधीतरी कळवावंच लागेल.

ट्रकचा विमा आहे. अपघाताच्या दाव्यात भरपाई मिळेल. वकील रुपरावांकडे मी कागद दिले आहेत, माणूस चांगला आहे. ते म्हणाले, भरपाई दोन तऱ्हेची असते. कमावत्या माणसाची कमाईच गेली, तर पुढे किती वर्षं कमावली असती त्याचा विचार करून देतात. अशा गायिकेचा आवाज गेला तर मोठी रक्कम मिळेल, तिच्या पुढच्या उपचारांचा आणि आयुष्याचा आधार होईल. पण आईवडिलांवर अवलंबून असलेलं, न कमावणारं मूल असेल, तर दवाखान्याचा खर्च आणि दुखण्याबद्दल थोडेसे.

मग त्यांनी विचारलं, मुलीच्या कमाईचा पुरावा काय?

मालकाच्या कागदावर वामनरावांची सही. विवरणपत्र वामनरावांचं. आणि ती अवलंबून आहे हे त्यांनी प्रतिज्ञेवर लिहून दिलेलं. आता सुधारित विवरणपत्र भरलं तर भरपाईसाठी रचलं असंच दिसेल.

पैशापलीकडे नुकसान नाही, असं मीच तुला लिहिलं होतं. मी तेव्हाच नागपूरला यायला हवं होतं, तू नको म्हणालीस तरी.

एकच वाट आहे. वामनरावांनी साक्षीला उभं राहून खरं सांगायचं. त्यांना हे तू सांग. माझ्याच्यानं होणार नाही.

मुकुंद


नागपूर
१८ नोव्हेंबर १९८४

ती. दादास,
सा. नमस्कार.

रुपराव वकिलांनी निकाल तुला कळवला असेल. कोर्टात काय झालं ते मी कळवते.

मी यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ऐकणार नाहीत. पण हे लगेच हो म्हणाले. भिंतीवरची ती चौकट त्याच दिवशी काढली. साक्षीच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली. उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "पैसे माह्या लेकीचे होते साहेब. एक पैसा माहा नाही. मी लेकीचं खात होतो." दादा, जे वाक्य कोणी आपल्याबद्दल म्हणू नये म्हणून या माणसानं बापाचा माग विकला, ते तिथं अनोळखी लोकांसमोर तीन-तीनदा म्हणाले.

विम्याच्या वकिलानं विवरणपत्र हातात दिलं. विचारलं, सही तुमची? हे म्हणाले, हो. मग तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलता? म्हणाले, "तेव्हा."

तो हसला. म्हणाला, कर चुकवायला खोटं लिहिणारे रोज भेटतात, जास्तीचा कर भरायला खोटं लिहिणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. भरपाई दिसली तेव्हा आठवण झाली काय? लोकही हसले. हे म्हणाले, "लाज वाटत होती साहेब."

कंपनीचा मालक आला होता. त्यानं सांगितलं, मी पैसे वामनरावांना देत होतो. खरंच सांगितलं त्यानं. देवकीला विचारलं, तुझ्या हातात कधी पैसे मिळाले? तिचा आवाज साहेबांपर्यंत पोहोचेना. कागदावर लिहून दिलं, नाही.

निकालात लिहिलंय, मुलगी नाटकात काम करत होती हे मान्य, पण तिचं स्वतःचं उत्पन्न होतं हे सिद्ध झालं नाही. जे मिळालं त्यात दवाखान्याची देणी फिटतील. पुढचं ऑपरेशन करायला मुंबईला न्या म्हणतात, त्यासाठी हुडकेश्वरचा प्लॉट विकायला काढलाय. त्यातही आशा फारशी नाही असं डॉक्टरनंच सांगितलं.

येताना सायकलरिक्षात हे म्हणाले, "खरं बोललो तं कोणी मानलं नाही वं." देवकीनं त्यांच्या मोडक्या हातावर हात ठेवला. ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

इंदू


नागपूर
७ जुलै १९८५

ती. मामांना,
देवकीचा शि. सा. नमस्कार.

आईनं सांगितलंच असेल, मुंबईच्या ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. जवळ बसलेल्या माणसाला ऐकू येईल इतपत बोलते. तुमच्याशी बोलायचं तर पत्रच बरं.

सदरला एका दुकानात मी साड्यांना फॉल लावायचं काम धरलंय. शनिवारी पैसे मिळतात, माझ्याच हातात. मी ते बाबांना देते. आता ते घेतात. घरी कोणी आलं की चहाचा कप पुढे करत सांगतात, "घ्या, लेकीच्या कमाईचा आहे." आईला ते आवडत नाही. मला काय वाटतं ते मलाही नीट सांगता येत नाही, पण मी आत निघून जाते.

मामा, तुम्ही एकदा आईला लिहिलं होतं, मला अठरा पूर्ण झाली की माझ्या नावाचा कागद तुम्ही कराल. ते पत्र मी तेव्हा वाचलं होतं. माझ्या पैशांवर कर बसत नाही हे मला कळतं. भरायची गरजही नसेल. पण एकदा माझ्या नावानं विवरणपत्र भरून कार्यालयात द्यावं अशी माझी फार इच्छा आहे. कार्यालयातून कोरा कागद आणून मी स्वतः भरलाय. तपासायला सोबत पाठवते. आता मी अज्ञान नाही, म्हणून सही माझी आहे.

एक अडचण झाली आहे. व्यवसायाच्या रकान्यात मी शिवणकाम लिहिणार होते. बाबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "तेवढं मले लिहू दे." मी पेन दिला. त्यांचा मोडलेला हात अजून नीट वळत नाही, म्हणून वेळ लागला. त्यांनी 'गायिका' लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागद धरून बसले.

ते खोडायला माझं मन झालं नाही. खोटं आहे म्हणून कार्यालय कागद परत करील का, तेवढं कळवा.

तुमची,
देवकी